गाडीतलं पिवळं कासव

शनिवार, १ सप्टेंबर २००१

निहारिके, चष्मा शोधू नकोस, डोक्यावर आहे. आणि ही वही तूच दिलीस, पुण्याला परत जाताना, हे आठवतंय का? नसेलच. "आजी, रोजचं लिहून ठेव, दिवाळीत आले की वाचीन," म्हणालीस. आजीला लिहिता येत नाही हेसुद्धा विसरलीस. माझ्या मांडीवर वाढलेली मुलगी! तर मी बोलते आणि शेजारची सुलभा लिहिते, दुपारी चहाला येते तेव्हा. टेलिफोन ऑफिसात जन्म गेला तिचा, लोकांचं ऐकून गप्प बसायची सवय आहे. वहीतलं बाहेर गेलं तर चहा बंद, असं आमचं ठरलंय.

आजची बातमी म्हणजे गाडीत दिवा लागला. स्टेअरिंगच्या मागे, काट्यांच्या शेजारी, पिवळं चित्र. तुझे बाबा म्हणतात ते इंजिनाचं चित्र आहे. मला तर देवळात नंदीच्या पुढे असतं तसं कासव दिसतं. तुझी आई काल शाळेतून येत होती, तरान्याच्या रस्त्यावर कासव पेटलं ते घरापर्यंत विझलं नाही. गाडी मात्र चालत होती.

"चालतेय म्हणून काय झालं?" माझा वसंता म्हणाला. "अलका, उद्या रानात बंद पडली तर? तिथे ना फोन, ना माणूस."

अलका पोळ्या लाटत राहिली. आज पोळ्या कागदासारख्या झाल्या, म्हणजे राग चांगलाच होता.

तिचंही बरोबर आहे. जुलैत तरान्याच्या मुलींच्या शाळेत प्राचार्य झाली. बसचं काही खरं नाही, कधी टपावर बसायची वेळ येईल सांगता येत नाही. म्हणून दिल्लीहून बदलून आलेल्या एका साहेबाची ही गाडी घेतली. या वयात चालवायला शिकली. पहिल्या आठवड्यात घरापुढच्या ओटल्याला धडकली, दुसऱ्यात भाजीवाल्याला धडकता धडकता वाचली, आता अशी चालवते की मी मागच्या सीटवर पेंगते.

आता सुलभे, हे हळू लिही. नव्या गाडीला लिंबू-मिरची नको का? वसंताला नको. "आई, बँकेतले लोक हसतील. एकविसावं शतक लागलंय." लागू दे की! माझ्या नातीच्या आईची गाडी रोज त्या रस्त्यानं जाते. म्हणून मी बाहेर बांधतच नाही, आत बांधते. दर शनिवारी अलका बॉनेट उघडून पाणी बघते. मग तांब्या आणायला आत जाते, तेवढ्यात मी बांधून मोकळी होते. समोरच एक काळी वायर वर आलेली आहे, अगदी हाताशी. कंबर वाकवावी लागत नाही. देवानं माझ्यासाठीच ठेवलेली दिसते.

मंगळवार, ४ सप्टेंबर

गाडीत वसंताला ठसका लागला. भर बाजारात शिंकून शिंकून डोळे लाल. "अलका, काहीतरी जळतंय. फोडणीसारखा वास येतोय." अलकेनं काचा खाली केल्या. मी मागे बसून मनातल्या मनात हात जोडले. मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला नाही तर दृष्ट भारी. लागला म्हणजे उतरली. एवढी साधी गोष्ट माझ्या पदवीधर मुलाला कळत नाही.

पण मग कासव विझायला हवं होतं. ते मात्र डोळे वटारून बसलंय.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

फ्रीगंजातला रमेश मेकॅनिक घरी येऊन गेला. चांगला मुलगा आहे, हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरत नाही. त्यानं काही पुर्जे काढले, फुंकले, पुसले, परत बसवले. म्हणाला, "मॅडम, पुरानी गाड़ी में कारबोरेटर खोलो तो सब दिख जाता है. इसमें तो कंप्युटर बैठा है. वो क्या सोच रहा है, उसी से पूछना पड़ेगा." मग बॅटरीची तार काढली, परत लावली. कासव विझलं!

मी त्याला शेव दिली. अलकेनं मला विचारलं, "आई, आज येता का तरान्याला? मैत्रीण म्हणून?" मैत्रीण म्हणे! पण गेले. जाताना विझलेलं. येताना, ऊस लावलेलं ते शेत लागतं ना, तिथे परत पेटलं. अलका रस्ताभर बोलली नाही. मीही नाही. आम्ही दोघी गप्प, हे घरच्यांना सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

शनिवार, ८ सप्टेंबर

आज मोठं लिंबू घेतलं आणि मिरच्या जास्त. बघते तर मागचं लिंबू नाहीच, नुसता दोरा. दर शनिवारी असंच होतं, लिंबू सुकून कुठेतरी गळून जातं. केवढी नजर लागली असेल बघ, एका आठवड्यात लिंबू संपतं! जुनी गाठ भाजून दगड झालीय, सुटत नाही. मग तिच्यावरच नवीन बांधलं, चांगलं ओढून. अलका तांब्या घेऊन लवकर आली, म्हणून घाईत जरा जास्तच ओढलं गेलं.

"काय करताय आई?"

"तुझं इंजिन बघतेय. सगळं काळं आहे. धूत नाहीस का कधी?"

मंगळवार, ११ सप्टेंबर

वसंतानं इंदूरला फोन केला. तुझ्या आत्याचे यजमान, सुधाकरराव, त्यांना ही गाडी कधीपासून हवीय. "दिवा लागला तर लागू द्या, मी शोरूममध्ये दाखवून घेईन," म्हणाले. येत्या रविवारी न्यायला येतो म्हणाले. मोठ्या मनाचा जावई! सासुरवाडीची वस्तू नेताना त्यांचं मन फारच मोठं होतं.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर तुझे आई-बाबा बोलत होते. मी ऐकायला उभी नव्हते, गुडघा धरला होता म्हणून उभी होते.

"अहो, गाडी गेली तर मी तिथे खोली घेते. शनिवारी येत जाईन."

"खोली कशाला? तीन बसा आहेत की."

"त्यातली एक येते, तीही भरून. मुली प्रार्थनेला उभ्या आणि प्राचार्य बसस्टँडवर? नाहीतर सोडते नोकरी. तसं सांगा."

"मी सोड म्हणालो का?"

"मग दिव्याला घाबरून गाडी का विकताय?"

"दिव्याला नाही घाबरत. रात्री तू यायला उशीर केलास की मला घाबरायला होतं."

 मी खोकून आत गेले. पाणी न पिताच परत आले.

खरं सांगू, निहारिके? सून आठवडाभर तिकडे राहिली तर माझ्याशी भांडणार कोण? वसंता भांडत नाही, समजावतो. समजावणाऱ्या माणसाबरोबर दिवस सरत नाही.

बुधवार, १२ सप्टेंबर

मीच इंदूरला फोन लावायला लावला. म्हटलं, "सुधाकरराव, पितृपक्ष लागलाय. पक्षात गाडी घरी नेणार? तुमच्या वडिलांना काय वाटेल वर बसून?" गडबडले. अमावास्या झाल्यावर येतो म्हणाले. आणि अमावास्येनंतर अधिक महिना लागतोय, त्यात खरेदी करत नाहीत, हे सांगायला गेले तर "आई, अधिक मी मानत नाही," म्हणून फोन ठेवला. अधिकातलं जावयाचं वाण मात्र मानतात. अनारसे दरवेळी घरी नेतात आणि डबा परत येत नाही.

म्हणजे रविवार, तेवीस तारीख. तोवर कासव विझायला हवं.

रविवार, १६ सप्टेंबर

आज तुझा फोन आला आणि तू पहिल्यांदाच काही उपयोगाचं बोललीस! सायबर कॅफेत बसून शोधलंस म्हणे. स्टेअरिंगच्या खाली एक प्लग असतो, त्याच्या अमुक दोन भोकांत तार घालून जोडायचं, किल्ली फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. मग दिवा उघडझाप करून आपलं दुखणं सांगतो.

तार शोधायला वसंता माळ्यावर चढला. मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. अलका सीटखाली वाकून बसली, वसंता वही-पेन घेऊन, मी दारात खुर्ची टाकून. किल्ली फिरली. कासव डोळे मिचकावायला लागलं.

"चार," वसंता म्हणाला. "चार, परत चार. लिहितो अलका, चार."

"चार कुठले?" मी म्हटलं. "एक. मग थांबतंय. मग तीन. मग जास्त थांबतंय आणि पहिल्यापासून."

"आई, सगळे मिळून चारच झाले ना?"

"चार शिट्ट्या झाल्यावर कुकर उतरवायचा आणि एक शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून मग तीन घ्यायच्या, यात तुला फरक वाटत नाही? म्हणून तुझी डाळ कच्ची राहते."

अलकेनं परत लावून बघितलं. एक. थांबलं. तीन. ती माझ्याकडे बघून हसली. "आई, तेरा आहे. तुम्ही वाचलंत."

वाचलं! सुलभे, असंच लिही. अनसूयाबाईंनी वाचलं. साठ वर्षांपूर्वी भावाची पाटी मी पुसून द्यायचे, त्यावरचं वाचता नाही आलं. कासवाची भाषा मात्र आली. दिवसभर मला जिलबी खाल्ल्यासारखं वाटत होतं.

फक्त तेरा म्हणजे काय, ते तू लिहून घ्यायला विसरलीस. धन्य आहे.

मंगळवार, १८ सप्टेंबर

तुझा फोन आला. तेरा म्हणजे धूर हुंगणारी कांडी. इंजिनातून जो धूर निघतो, त्याच्या नळीत ती बसवलेली असते. धूर कसा आहे ते हुंगते आणि कंप्युटरला सांगते, मग तो त्या मानानं पेट्रोल सोडतो. तिचा निरोप पोहोचेनासा झाला की कासव पेटतं. अलका मला समजावून सांगत होती, मीही मान डोलवत होते.

मग ती म्हणाली, "कांडी खराब असेल किंवा तिची वायर. ती वायर समोरच असते म्हणे. काळी. गरम नळीजवळून वर येते."

माझा घास तोंडातच राहिला.

"काय झालं आई?"

"मिरची लागली," मी म्हटलं.

सुलभा लिहायचं थांबलीय आणि माझ्याकडे बघतेय. लिही गं. जे आहे ते आहे.

बुधवार, १९ सप्टेंबर

सांगावं की नाही? सांगितलं तर वसंता रागावणार नाही, समजावेल. वर्षभर समजावेल. सुधाकरराव प्रत्येक पंगतीत सांगतील, सासूबाईंनी गाडीला लिंबू पाजलं. नाही सांगितलं तर शोरूमवाले पूर्ण इंजिन उघडतील. पण त्याआधी गाडीच जाईल.

अलका आंघोळीला गेल्यावर मी वसंताला म्हटलं, मला बॉनेट उघडून दे, वाळवण ठेवायचंय. "बॉनेटवर?" "आत. गरम असतं ना." त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

सुलभा म्हणते, काकू, सरळ सांगा. तिला काय जातंय!

गुरुवार, २० सप्टेंबर

अलका पोहे परतत होती तेव्हा मी तिला म्हटलं, "उद्या रमेश येईल तेव्हा त्याला सांग, कांडी नंतर बघ. आधी समोरची काळी वायर बघ. वरच्या टोकाला, जिथे ती जोडलीय तिथे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कासव म्हणालं. मला त्याची भाषा येते ना."

तिनं झारा खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मग मागे वळून टोपलीत बघितलं, जिथे लिंबं ठेवतो तिथे. मला वाटलं पोह्यांवर पिळायला हवं असेल, म्हणून एक कापून दिलं. तिनं ते घेतलं आणि हसायला लागली. पोहे जरा लागले त्यात. हल्ली तिला कशाचंही हसू येतं. शाळेचा ताण असेल.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

रमेश आला. अलकेनं मुद्दाम वसंताला दूध आणायला पाठवलं, दूध घरात असूनसुद्धा. विसरभोळेपणा तुला कुणाकडून आला, आता कळलं.

मी ओटल्यावर माळ घेऊन बसले. जप चालूच नव्हता. रमेश वाकला, हात घातला. "अरे!" म्हणाला. वायरीचा जोड अर्धा सुटून लोंबत होता आणि जिथे ती नळीला टेकत होती तिथलं वरचं रबर वितळलं होतं. त्यानं काहीतरी सोडवलं, सुटेना, मग कापलं. एवढा मोठा काळ्या दोऱ्यांचा गुंता. त्यात एक मिरचीचं देठ.

त्यानं ते हातात धरलं. माझ्याकडे बघितलं. मी माळ जोरात फिरवायला लागले. त्यानं गुंता खिशात टाकला.

वायर नवीन आवरणात घातली, नळीपासून लांब बांधली, जोड टक्कन बसवला. परत बॅटरीची तार काढून लावली. तोवर वसंता दूध घेऊन आला.

"क्या था, रमेश?"

"चूहा था, साब. तार खींच दी, कुतर दी. सेंसर एकदम ठीक है."

"उंदीर? गाडीत?"

"बड़ा चूहा था, साब. पर घर का ही है, नुकसान करने वाला नहीं."

वसंता बराच वेळ बॉनेटमध्ये बघत उभा होता. मग बोटानं काहीतरी उचललं, हुंगलं आणि शिंकला. अलका घाईघाईनं आत गेली, पदर तोंडाला लावून. मी म्हटलं, चला, कुणाला काही कळलं नाही. रमेशचं तेवढं ऋण डोक्यावर राहिलं.

रविवार, २३ सप्टेंबर

सुधाकरराव सकाळी हजर. नवा शर्ट, हातात मोठी किल्ली अडकवायची साखळी. साखळी सोबत घेऊनच आले!

वसंता म्हणाला, "आधी तरान्याला जाऊन येऊ. दिवा लागला तर गाडी तुमची. नाही लागला तर अलकेची." अलका चालवणार, वसंता पुढे, मी आणि जावई मागे.

किल्ली फिरली आणि कासव पेटलं.

"बघा!" सुधाकरराव इतक्या आनंदानं म्हणाले की मला त्यांची दया आली.

"किल्ली फिरवल्यावर सगळेच दिवे लागतात, भाऊजी," अलका शांतपणे म्हणाली. तिनं इंजिन सुरू केलं. कासव विझलं.

मग चौघंही त्या कासवाकडे बघत बसलो. बाहेर सोयाबीन पिवळं झालं होतं, कुणी बघितलं नाही. एका म्हशीनं रस्ता अडवला, वसंता म्हणाला "हॉर्न दे" पण नजर कासवावर. उसाचं शेत आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शेत मागे गेलं होतं आणि अलका गुणगुणत होती.

शाळेपाशी चौकीदारानं फाटक उघडलं, "नमस्ते बड़ी मॅडम" म्हणाला. वसंतानं पहिल्यांदाच तिची खोली बघितली, दारावरची पाटी बघितली. पाटीवर काय लिहिलंय ते मी त्याला विचारलं. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

येतानाही कासव झोपलेलंच. घरी आल्यावर वसंता म्हणाला, "सुधाकरराव, जेवूनच जा." गाडीबद्दल एवढंच बोलणं झालं. जावई बसनं गेले. बस भरलेली होती म्हणे.

शनिवार, २९ सप्टेंबर

आता एक चमत्कारिक गोष्ट. वसंतानं गाडीच्या पुढच्या बंपरखाली, आतल्या बाजूला, लोखंडी आकडा बसवून घेतलाय. बाहेरून दिसत नाही. म्हणतो, गाडी बंद पडली तर ओढायला. एवढाशा आकड्यानं गाडी ओढणार! बँकेत आयुष्य गेलं, लोखंडाचं काय कळणार त्याला? पण उंची बरोबर माझ्या हाताची आहे, खुर्ची टाकून बसलं की. सोय चांगली झाली, नकळत का होईना.

आणि उंदीर होता म्हणतात तर कुणी पिंजरा का आणत नाही? मी दोनदा आठवण केली. वसंता म्हणाला, "आई, तो उंदीर आता सुधारलाय." असं कुठे असतं का? घरात कुणाला कशाची काळजी म्हणून नाही.

आज अलकेनं बॉनेट उघडलं. "आई, मी पाणी आणते. मला जरा वेळ लागेल हं." आणि जाताना टोपलीतलं ताजं लिंबू ओटल्यावर विसरून गेली. शेजारी दोरा, सुई आणि मिरच्यासुद्धा. मी म्हटलंच ना, विसराळूपणा तिच्याकडचा. मी बॉनेटच्या आत हात घातला नाही, शपथ. खुर्ची ओढली, आकड्याला बांधलं, सैलसं. ती तांब्या घेऊन आली, पाणी घातलं आणि बंपरकडे न बघता सरळ आत गेली. कासव रोज किल्लीला एकदा डोळा मारतं आणि झोपतं. संध्याकाळी ती वेळेवर घरी येते आणि आम्ही नीट भांडतो. आज भाताच्या पाण्यावरून झालं. फार बरं वाटलं.

रमेश मात्र शब्दाला पक्का निघाला. त्याच्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नाही. तू आणि सुलभा धरून तिघं. दिवाळीत वाचशील तेव्हा जीभ आवर.

बस, सुलभे, पेन ठेव आणि उठ. अनारसे झालेत, ते डब्यात भर आणि इंदूरला पाठव, गाडी नाही तर नाही, जावयाचं वाण चुकायला नको. डबा जुना घे, तो परत येणार नाही. आणि उरलेल्या लिंबांचं गोड लोणचं घातलंय, ती बरणी रमेशकडे पाठव. मिरचीचं नको, गोडाचंच. म्हणावं, चुहिया ने भेजा है.